निळा वाटा

"हा कोणाचा?"

"तुळशीरामचा!"

"हा?"

"झिबलचा!"

"अन् हा?"

"यादोरावचा!"

मागे हशा पिकला की मी ओळखायचो, यादोरावच्या नशिबी आजही काट्यांचेच मासे आले. मला स्वतःला काही दिसत नसे. तलावाकडे पाठ आणि मोहाच्या झाडाकडे तोंड करून मी रोज सकाळी उभा राहायचो आणि डोक्यात येतील तशी नावं ठोकून द्यायचो.

आम्हा उमरीच्या ढिवरांची ही जुनी रीत. सगळ्यांनी मिळून मोठं जाळं ओढायचं, काठावर मासे ओतायचे, जाळ्याला जितकी माणसं तितके वाटे पाडायचे. मग एकाने वाट्यावर बोट ठेवून विचारायचं आणि दुसऱ्याने पाठमोरं राहून नाव सांगायचं. नाव निघालं की निघालं, त्यावर कुरकुर नाही. आणि वाटे पाडणाऱ्याने शेवटी जो उरेल तो आपला म्हणायचा. त्यामुळे पाडणाराही हात आखडता घेत नाही की सैल सोडत नाही. कोण जाणे, तोच वाटा आपल्या गळ्यात यायचा.

वाटे पाडायची रेवंतामाय. नवरा गेल्यापासून हे काम तिच्याकडे आलं ते कायमचं. ठेंगणी, काटक बाई, जीभ कोयत्यासारखी. मला म्हणायची, "शालिक, तोंडाचा तू पक्का लबाड आहेस. पण पाठ तुयी इमानदार आहे. म्हणून तुले उभा करतो." गावात मला दुसरा कुठला मान नव्हता, तेव्हा हा मी मिरवायचो.

तिचा एकुलता एक मुलगा दुर्योधन आदल्या वर्षी धरणाच्या दगडांवर पडला आणि त्याचा उजवा खांदा कामातून गेला. जो जाळं ओढत नाही त्याला वाटा नाही, हीसुद्धा रीतच. कुणी काही बोलायच्या आत, दुसऱ्याच दिवशी, रेवंतामायने स्वतः एक वाटा कमी पाडला. मी आपला सवयीने ओरडलो, "दुर्योधनाचा!" मागून तिचा आवाज आला, "ते नाव आता घेऊ नोको." मी जीभ चावली. तेव्हापासून घरात तीन माणसं, सून धरून, आणि वाटा एकटीचा.

एका सकाळी वाटे संपत आले तेव्हा आमच्या मच्छीमार संस्थेचा अध्यक्ष यादोराव नान्हे एका साहेबाला घेऊन काठावर आला. यादोराव रेवंतामायचा चुलत दीर. टोपी इतकी कडक की वाऱ्यालाही वाकत नसे. पण माणूस कर्तबगार, हे मान्यच केलं पाहिजे. बर्फाची पेटी त्याने आणली, काठापर्यंत रस्ता त्याने आणला. साहेबाचं नाव सबनीस. तरुण, उन्हाने नाक सोललेलं, बोलायला साधा.

साहेबाने सांगितलं ते असं. आमच्या गराडझरी जलाशयावर सूर्याच्या विजेचे पट्टे तरंगत ठेवायचे. धूर नाही, राख नाही, कुणाची जमीन जात नाही. त्यासाठी वाऱ्यापासून आडोशाला असलेलं, उन्हाळ्यातही खोल राहणारं पाणी लागतं. तसं पाणी दोनच ठिकाणी. एक आमच्या उमरीच्या बाजूची खोर, म्हणजे काठात आत शिरलेलं पाणी, आणि दुसरी पलीकडच्या टोलीची. "आम्हाला दोन्ही चालतील," साहेब म्हणाला. "पण ज्या पाण्यावर पॅनेल येतील तिथे जाळं टाकता येणार नाही. मासेमारीचा ठेका तुमच्या संस्थेचा आहे. कुठलं पाणी द्यायचं ते तुम्ही ठरवून सांगा. संस्थेला दरसाल भाडं मिळेल आणि राखणीला, पॅनेल धुवायला इथलीच माणसं घेऊ."

साहेब बर्फाची पेटी बघायला गेला तसा यादोराव रेवंतामायजवळ वाकला. मी तिथेच जाळं झटकत होतो, माझी त्याला कधीच अडचण वाटली नाही.

"वयनी, राखणदाराची नोकरी मी दुर्योधनासाठी ठेवली. शिट्टी वाजवाले एक हात पुरते."

रेवंतामायने पदर तोंडाला लावला. वर्षभरात तिचा चेहरा असा उजळलेला मी पाहिला नव्हता. "देव तुमचं भलं करो, भाऊजी," ती म्हणाली. मग जरा थांबून, "पण पाणी कोणाचं झाकून राहिले?"

"टोलीचं. आणखी कोणाचं? परवा मीटिंग आहे. हात वर करू, झालं मोकळं."

टोलीची थोडी ओळख करून द्यायला हवी. धरण बांधलं तेव्हा जे गाव बुडालं, त्याची उरलीसुरली घरं पलीकडच्या काठावर सरकारने नेऊन बसवली, ती टोली. तेही ढिवरच, आमच्याच सोयऱ्यांपैकी. पण संस्थेत ते मागाहून आले, घरंही कमी. मीटिंगला ते मागे बसायचे आणि चहा त्यांच्यापर्यंत पोचेस्तोवर गार व्हायचा. ते जाळं त्यांच्या खोरेत टाकत, आम्ही आमच्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी रेवंतामाय माझ्या डोंग्यात येऊन बसली. "टोलीकडे ने," एवढंच म्हणाली.

टोलीचा म्होरक्या फागोजी चाचेरे आपल्या खोरेत होता. वाळून खारीक झालेला म्हातारा, बोलणं हळू. आम्हाला पाहून त्याने वल्हं आडवं टाकलं आणि डोंग्याखाली बोट दाखवलं.

"पाहा बाई, इथं मारोतीचा पार. थे तिकडे शाळा. माया घराच्या भिती अजून उभ्या आहेत. मरळ मासोळी त्या भितीच्याच आडोशानं राहते. गाव गेलं, पण गावानं आमचं पोट सोडलं नाई."

"मीटिंगचं समजलं?" रेवंतामायने विचारलं.

"समजलं. पहिले पाण्यासाठी उठा म्हणे, उठलो. आता उन्हासाठी उठा म्हणतात." तो हसला, पण ते हसणं बघवेना. "वीज चांगली आहे जी. माया नातवाले अभ्यासाले लागते, मले नोको कशी म्हणता येईन? पण दर टायमाले आमीच काउन?"

परत येताना रेवंतामाय पाण्यात हात सोडून बसली होती. इकडे मुलाची शिट्टी, तिकडे फागोजीचं पाणी. माझ्याच्याने राहवेना. म्हटलं, "माय, तुमी कायले जीव जाळता? हात वर नोका करू. चूप बसा. पाणी तसंही टोलीचंच जाईन अन् दुर्योधनाचं काम होऊन जाईन."

"म्हणून त तुयी पाठच बरी," ती म्हणाली. आणि डोंग्यातून उतरताना, माझ्या बांबूच्या टोपलीकडे बोट करून, "उद्या ढुटीत थोडे मासे ठेवजो."

मीटिंग काठावरच्या शेडमध्ये भरली. पुढे नान्हे मंडळी, कारण उमरीत निम्म्याहून जास्त घरं त्यांचीच. मग तुळशीराम, झिबल, मी, असे सुटे-सुटे. शेवटी टोली. साहेब एका कडेला खुर्चीवर. यादोरावने झकास भाषण केलं. धुराची वीज जाणार, उन्हाची येणार, आपल्या तलावाचं नाव होणार. "आता चांगल्या कामासाठी कोणाले तरी सोसा लागते. टोलीची घरं कमी, त्यायचं नुकसान कमी. उमरीचं पाणी झाकलं त जास्त पोटं उपाशी मरन. हिशोबाची गोष्ट आहे. टोलीचं पाणी द्याचं म्हणणाऱ्यानं हात वर करा."

ते बोलणं पटण्यासारखंच होतं, हीच त्यातली पंचाईत. हात वर व्हायला लागले. माझाही खांद्यापर्यंत आला होता.

"हात खाली!" रेवंतामाय ढुटी घेऊन मधोमध येऊन उभी राहिली. "आपण ढिवर आहो. हात जाळं ओढाले असतात. वाटा आहे त वाटे पाडा."

"वयनी, हे मासे नाई," यादोराव हसून म्हणाला.

"मंग उद्यापासून मासेही हात वर करूनच घ्या. मी काई वाटे पाडत नाई. ज्याचे हात जास्त, मासे त्याचे." ती तुळशीरामकडे वळली. "कसं म्हणतोस तुळशीराम? नान्हेयचे हात किती अन् तुया घरचे किती?"

तुळशीरामचा हात झटक्यात खाली आला. झिबलचा त्याच्या मागोमाग. सुट्या घरांमध्ये कुजबुज सुरू झाली, कारण गोष्ट त्यांच्या ताटाशी येऊन ठेपली होती. "पाडू द्या जी वाटे," झिबल म्हणाला. "पाहू त खरं." यादोरावने साहेबाकडे पाहिलं. साहेबाने खुर्ची पुढे ओढली होती.

रेवंतामायने शेडच्या जमिनीवर फतकल मारली. ढुटीतले मासे दोन ठिकाणी ठेवले. "हे एक पाणी. हे दुसरं पाणी." मग बर्फाच्या पेटीवरचा निळ्या ताडपत्रीचा तुकडा ओढला आणि एका ढिगावर टाकला. "हे साहेबाचे पॅनेल. याच्याखालचे मासे गेले." ते मासे तिने उचलून परत ढुटीत टाकले. निळी ताडपत्री तेवढी उरली. मग तिने हात पुढे केला. "भाऊजी, तुमचा पानाचा बटवा द्या."

"कायले?"

"भाडं आहे थे. संस्थेत हात उमरीचे जास्त, मंग भाडंही उमरीचंच." बटवा तिने माशांच्या ढिगाजवळ ठेवला. जाळं ओढताना इशारा द्यायला माझ्या गळ्यात संस्थेची शिट्टी असायची, ती तिने मागून घेतली. शेडमध्ये एव्हाना सगळ्यांना ठाऊक होतं की राखणीची शिट्टी कुणाच्या घरी जाणार. तिने ती बटव्याशेजारी ठेवली, तिथेच, माशांच्या वाट्यात.

"हा एक वाटा. खुलं पाणी, भाडं, नोकरी. अन् हा दुसरा. नुसता निळा. हे वाटे भाऊजीनं पाडले, मी नाई. मी फक्त बोट ठेवतो. शालिक, पाठ कर."

मी उठलो आणि शेडच्या भिंतीकडे तोंड केलं.

"नावं दोनच आहेत. उमरी अन् टोली. हा कोणाचा?"

मी श्वास घेतला. तिचं बोट कुठल्या वाट्यावर आहे ते मला माहीत नव्हतं आणि या वेळी ते माहीत असावंसं वाटलं. मी तोंड उघडलं.

"थांब बे!" यादोराव ओरडला. "थांब! बोलू नोको!"

"काउन जी?" रेवंतामायचा आवाज शांत. "रोजच त आयकता."

"अवो, उमरी म्हणून बसला त? नुसती ताडपत्री घेऊन का करू आमी?"

यादोराव स्वतःच बोलून अडकला. मी भिंतीकडेच बघत होतो तरी त्याचा चेहरा मला दिसत होता. सगळ्यात मागून फागोजीचा खोकला तेवढा ऐकू आला.

"मंग वाटे नीट पाडा, भाऊजी," ती म्हणाली. या वेळी आवाज हळू होता.

आणि मग जी गंमत सुरू झाली ती मी वळून पाहिली. निळा वाटा आपल्याच अंगावर यायचा या भीतीने त्यात सगळ्यात जास्त भर घालायला लागला तो यादोराव. आधी बटवा त्याने तिकडे सरकवला. "ज्याचं पाणी गेलं त्याले भाड्याचा मोठा हिस्सा पायजे." मग म्हणाला, "तेवढ्यानं काय होते? त्याले दुसऱ्याच्या पाण्यात जाळं टाकू देल्लं पायजे, बरोबरीच्या हक्कानं!" तुळशीराम म्हणाला, मग खुल्या वाट्यालाही थोडं भाडं द्या, त्यांचंही पाणी निम्मं होत आहे. ते पटलं. बटव्यातल्या दोन सुपाऱ्या काढून इकडे ठेवल्या. फागोजी पहिल्यांदाच पुढे आला आणि म्हणाला की काठालगतची पट्टी उघडी ठेवा, उमरीचं असो की टोलीचं, मरळ काठालाच पिल्लं काढते. साहेबाने नकाशा मांडीवर घेतला, आपल्या माणसाशी फोनवर बोलला आणि म्हणाला, "पट्टी सोडता येईल. हे आम्ही आधीच विचारायला हवं होतं." भला माणूस. चहा दोनदा झाला आणि दुसऱ्या खेपेला तो मागच्या रांगेतही गरम पोचला.

राहिली शिट्टी. ती अजून खुल्या वाट्यात होती. कुणी तिला हात लावेना. सगळे खाली बघत होते आणि दारापाशी दुर्योधन उभा होता, डाव्या हाताने उजवा खांदा धरून.

रेवंतामायने शिट्टी उचलली आणि निळ्या वाट्यात ठेवली. "ज्याचं पाणी झाकलं, राखण त्याची," ती म्हणाली. बस, एवढंच. मग फागोजीला विचारलं, "आता कोणताही आला त चालन?"

फागोजीने दोन्ही वाटे एकेक करून निरखले. "चालन जी."

"भाऊजी?"

यादोरावने टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "चालन."

"शालिक, पाठ कर."

खरं सांगतो, त्या वेळी मी मनातल्या मनात देवाला म्हटलं की निळ्यावर बोट असेल तर माझ्या तोंडून उमरी निघू दे, शिट्टी या बाईच्या घरी जाऊ दे.

"हा कोणाचा?"

"उमरीचा!" मी ओरडलो.

वळून पाहिलं तर तिचं बोट माशांच्या ढिगावर होतं. निळा वाटा टोलीला गेला होता.

म्हणजे शेवटी पॅनेल टोलीच्याच पाण्यावर येणार होते, यादोराव म्हणत होता अगदी तिथेच. पण या खेपेला फागोजी मान खाली घालून उठला नाही. त्याने ताडपत्री घडी करून काखेत घेतली, बटवा उचलला, आणि रेवंतामायने शिट्टी त्याच्या सुनेच्या, सयत्राच्या, तळहातावर ठेवली. "जोरात वाजवजो," तिला म्हणाली. दुर्योधन दारात नव्हता.

या गोष्टीला आता पुष्कळ वर्षं झाली. सयत्रा अजून राखणदार आहे आणि तिच्या शिट्टीला यादोरावही वचकून असायचा. पण मला सांगायची आहे ती पुढच्या हिवाळ्यातली सकाळ. पॅनेल बसले होते, पलीकडचं पाणी निळं दिसत होतं आणि ठरल्याप्रमाणे टोलीचे डोंगे पहिल्यांदा आमच्या खोरेत आले होते. दोन्ही गावांनी मिळून जाळं ओढलं. मासे काठावर ओतले. मी मोहाच्या झाडाकडे तोंड केलं. रेवंतामायने वाटे पाडले आणि ती विचारणार तोच फागोजीचा आवाज आला.

"थांबा बाई. एक वाटा कमी आहे."

"मोजून पाडले मी."

"दुर्योधनाचा नाई."

"तो जाळं ओढत नाई."

"आमीही तुमच्या खोरीत कधी ओढलं नोतं," फागोजी म्हणाला. "टोलीचं ठरलं आहे. सगळ्यायच्या वाट्यातून एकएक मासोळी काढून त्याचा वाटा पाडाचा. उमरीचं तुमी पाहा." उमरीकडून पहिला "हो" आला तो यादोरावचा. ओला मासा जमिनीवर आपटल्याचा आवाज झाला. "अन् ही मरळ त्याच्या वाट्याले. आजची सर्वात मोठी," हा फागोजीचाच आवाज.

मला वाटलं, आता ही रडणार. पण रेवंतामायच ती.

"मरळ उचला, फागोजी," ती कडाडली. "पाहून देल्ला त तो उपकार झाला. मले वाटा पायजे." आणि खरोखर तिने सगळे वाटे एकत्र ओढून मोडले, त्यात ती मरळ टाकली आणि पहिल्यापासून पाडायला बसली. या वेळी एक जास्त.

"हा कोणाचा?"

"सयत्राचा!"

"हा?"

"यादोरावचा!"

काठावर असा हशा उसळला की झाडावरचे बगळे उडाले. मरळ कुठे गेली ते मला न बघताच कळलं. यादोराव काकुळतीला येऊन म्हणत होता, "मी काई केलं नाई वो वयनी, तुयी शपथ!" आणि तीही हसत होती.

"चूप बसा आता. हा कोणाचा?"

दीड-दोन वर्षं मी जे नाव गिळत आलो होतो ते पोटातून वर आलं. मी छाती भरून ओरडलो, पलीकडच्या काठाला ऐकू जावं असं.

"दुर्योधनाचा!"

मागून पुढचा प्रश्न येईना. मी वाट पाहिली. पाठ वळवायची नाही ही रीत, म्हणून मोहाच्या झाडाकडेच बघत राहिलो. बऱ्याच वेळाने नाक ओढल्याचा आवाज आला आणि मग तिचा तो कोयत्यासारखा आवाज, पण आज त्याला धार नव्हती.

"गळा बसला का बे तुया?" ती म्हणाली. "मी कवाची इचारून राहिली. हा कोणाचा?"